आडनाव सांगा, मग खोली दाखवतो!



मागच्या जून महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एका मुलीचा आम्हाला फोन आला. नर्सिंगचा कोर्स पूर्ण करून तिला पुण्यात एका खासगी रुग्णालयात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचे होते आणि गुरुवार उजाडला तरी खोली मिळालेली नव्हती. चार दिवसांत तिने नऊ ठिकाणी विचारले होते. भाड्यावरून एकदाही बोलणे फिसकटले नव्हते. तिने सांगितलेले संवाद जवळजवळ सगळीकडे सारखेच होते. "एकट्याच का? काय करता? नर्स का, अरे वा! गाव कोणतं? आणि आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितले की पलीकडे थोडी शांतता. मग, "अहो, कालच एकाने टोकन देऊन ठेवलंय, माझ्या लक्षातच नव्हतं बघा."

तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "दादा, पुण्यात आपल्यासाठी सेफ एरिया कोणता?"

प्रश्न साधा आहे. नव्या शहरात जाणारा प्रत्येक माणूस तो विचारतो. त्याची ठरलेली उत्तरेही आहेत. कामाच्या जागेपासून जवळ बघा, रस्त्यावर दिवे आहेत का बघा, पाणी किती वेळ येते ते विचारा, पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाडे देऊ नका. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ती अशा माणसासाठी लिहिलेली आहेत ज्याला शहरातले प्रत्येक दार उघडे आहे आणि फक्त कुठले दार परवडते एवढेच ठरवायचे आहे. आपल्या पोरांना आधी दुसराच हिशेब करावा लागतो. कुठल्या भागात आडनाव विचारतात, कुठे आडून विचारतात आणि कुठे विचारायची गरजच पडत नाही. हा हिशेब प्रत्येक जण एकट्याने करतो. नकार एकट्याने पचवतो. लाज मात्र नाकारणाऱ्याला वाटायच्या ऐवजी यालाच वाटते, म्हणून तो घरीही सांगत नाही. आमचे म्हणणे या लेखात एवढेच आहे की, हा खासगी प्रश्न नाही. चळवळीने तो आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतलेला नाही, ही आपली चूक आहे, आणि ती सुधारायला सरकारची वाट बघण्याची गरज नाही.

१९१७ ची बडोद्यातील खोली

घर न मिळाल्याची आपल्या इतिहासातली सर्वात मोठी हकीकत आपल्याला पाठ आहे. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले. शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांची नोकरी होती, शिक्षण होते, पद होते. राहायला जागा नव्हती. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. बाबासाहेबांनी मग दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. त्याने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की, पत्नी परगावाहून यायची आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब कमाठी बागेत येऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे.

या दोन मित्रांची उत्तरे पुन्हा एकदा वाचा. दोघांपैकी कोणीही "मी अस्पृश्यता पाळतो" असे म्हटलेले नाही. एकाने नोकर पुढे केले, दुसऱ्याने बायको. आता आजचा पुण्यातला घरमालक काय म्हणतो ते ऐका. "आमचं तसं काही नाही हो, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत." "माझी आई जुन्या वळणाची आहे." "शेजारी जैन आहेत, त्यांना वास चालत नाही." शंभर वर्षांहून जास्त काळ गेला, धर्मशाळेची सोसायटी झाली, पण नकाराचे व्याकरण तेच राहिले. जात पाळणारा नेहमी दुसराच कोणीतरी असतो आणि तो त्या वेळी घरी नसतो!

कमाठी बागेतल्या त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. २३ सप्टेंबरला संकल्प दिन साजरा करतो, फोटो टाकतो, भाषणे करतो. करायलाच हवीत. पण बडोद्याच्या त्या दिवशी बाबासाहेबांना भाषणाची गरज नव्हती. त्यांना एका खोलीची गरज होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आम्ही त्याच्याकडेच येणार आहोत.

आमचीही एक खोली होती

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही पुण्यात संस्थेच्या कामाला आलो तेव्हा आम्ही आणि एक मित्र मिळून वन आरके शोधत होतो. सहा-सात नकार झाल्यावर मित्राने युक्ती काढली. त्याचे आडनाव असे होते की ते मराठ्यांतही असते आणि आपल्यातही. करार त्याच्या नावावर करायचा आणि आम्ही फक्त नाव सांगायचे, आडनाव गिळायचे. तसेच केले. खोली मिळाली. जातिव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेले आम्ही, अकरा महिने बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवून राहिलो. घरमालकीण काकू चांगल्या होत्या, दिवाळीला फराळ आणून द्यायच्या. तो फराळ खाताना घशाला काय व्हायचे ते आमचे आम्हाला माहीत.

१४ एप्रिलला मात्र पांढरा शर्ट घालून, निळ्या गुलालाने माखून, रात्री उशिरा परत आलो. काकूंनी जिन्यात बघितले, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात काकांचा निरोप आला की करार पुढे वाढवायचा नाही, मुलगा राहायला येतोय. मुलगा आला नाही. दोन महिन्यांनी त्या खोलीत दुसरे भाडेकरू होते.

म्हणून आडनाव लपवणाऱ्या पोरांना आम्ही भेकड म्हणत नाही. बाबासाहेबांनाही पारशी नाव घ्यावे लागले होते. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे त्याला स्वाभिमानावर व्याख्यान देणे फार सोपे असते. पण लपवून मिळालेले घर सुरक्षित नसते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो. ज्या घरात पाहुण्याला आधी फोन करून "जय भीम म्हणू नकोस" असे बजावावे लागते, त्या घराला कितीही सुरक्षारक्षक असोत, तुम्ही तिथे सुरक्षित नाही.

"पैसा आला की जात जाते" म्हणणाऱ्यांना

आपल्यातलेही काही शिकलेले लोक म्हणतात की हा गरिबीचा प्रश्न आहे, पगार वाढला की सुटेल. त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास वाचावा. तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये आला. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत जाहिरात दिलेल्या घरमालकांना आणि एजंटांना उच्चजातीय, दलित आणि मुस्लिम अशा नावांनी भाडेकरू म्हणून फोन करण्यात आले. दलितांपैकी साधारण १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी साधारण ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला. शिवाय कित्येकांना जास्तीचे भाडे किंवा जास्तीच्या अटी सांगितल्या गेल्या. फोनवर बोलणाऱ्याचे कपडे दिसत नाहीत, बँकेचे पासबुक दिसत नाही. दिसते ते फक्त नाव. मग नकार कशाला मिळाला? गरिबीला?

तीच गोष्ट "फक्त शाकाहारी" या पाटीची. आम्ही मांसाहार करणारे मराठा आणि सीकेपी मित्र त्याच पाटीच्या इमारतींत राहताना बघितले आहेत. त्यांना सांगितले जाते, "बाहेर खाऊन या, घरात करू नका म्हणजे झालं." आपल्याला ही सवलत मिळत नाही. आपल्यातला एखादा पक्का शाकाहारी असला तरी नाही. म्हणजे आक्षेप ताटावर नाही, ताट कोणाचे आहे यावर आहे.

"घर माझे, मी कोणालाही देईन" हा तिसरा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो, पण कायद्याला तो मान्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ उघडून बघा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा वापरायला अटकाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. याच कायद्याचे कलम १२ तर आपल्या पोरांना बहुधा कोणी शिकवलेलेच नाही. गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत झाले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हेही इथे लक्षात ठेवा.

मग हा कायदा वापरला का जात नाही? कारण नकार तोंडी असतो. कारण तक्रार करणाऱ्याला त्याच आठवड्यात नोकरी धरायची असते. कारण १०० रुपयांच्या दंडाची भीती कोणाला वाटत नाही. आणि कारण न्यायव्यवस्थेनेही गृहनिर्माण संस्थांना बरीच मोकळीक दिली आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाने अस्पृश्यतेला परवानगी दिलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण आपल्या जातीची, आपल्या पंथाची सोसायटी काढणाऱ्यांना त्यातून बळ मिळाले, हेही खरे आहे. बडोद्याच्या धर्मशाळेत जमावाने काठीने जे केले ते आता उपविधीने करता येते.

"मग आपल्या वस्तीत राहा ना!"

हा सल्ला आपलेच लोक देतात आणि तो पूर्ण चुकीचा नाही. त्या नर्स मुलीला आम्ही शेवटी विश्रांतवाडीच्या बाजूला खोली मिळवून दिली. येरवडा, विश्रांतवाडी, बोपोडी, दापोडी, ताडीवाला रोड, पिंपरी. या भागांत आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. विहार आहे, रात्री पाळीवरून परतणाऱ्या मुलीला ओळखणारी आजी कट्ट्यावर बसलेली आहे, आजारी पडल्यावर पेज करून देणारी शेजारीण आहे. तथाकथित चांगल्या भागात तीन वर्षे राहून शेजाऱ्याचे नाव माहीत नसलेले लोक या वस्त्यांना 'अनसेफ' म्हणतात, तेव्हा आम्हाला हसू येते. शहर ज्यांच्या श्रमावर चालते त्यांच्या वस्तीला गुन्हेगारांची वस्ती ठरवणे ही जुनी ब्राह्मणी खोड आहे.

पण वस्तीचे नुसते गोडवे गाऊनही चालणार नाही. पाणी, ड्रेनेज, दारूचा गुत्ता, नदीचा काठ या गोष्टी खऱ्या आहेत. स्वस्त खोल्या बऱ्याचदा जिथे पूर येतो तिथेच असतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, ते सगळ्या पुण्याने पाहिले. आणि नोकरी हिंजवडीला असेल तर विश्रांतवाडीची स्वस्त खोली रोजचे दोन-तीन तास खाते. त्या वेळेची आणि बसभाड्याची किंमत धरली तर स्वस्त ते महाग पडते.

बाबासाहेबांच्या विचारांतही या दोन्ही बाजू आहेत. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, कारण गावगाड्यात माणूस एकटा पडला की मारला जातो हे त्यांना माहीत होते. आणि तेच बाबासाहेब परळच्या चाळीतून निघून दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहिले. एकत्र राहण्याची ताकद हवी आणि कुठेही राहण्याचा हक्कही हवा. वस्तीत राहणे हा कमीपणा नाही. वस्तीतच राहावे लागणे हा अन्याय आहे.

आता आपल्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्या काही वाचकांना पुढचे आवडणार नाही. तरी लिहिणे भाग आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्यातही घरमालक झाले आहेत. बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, शाळा-कॉलेजांत नोकरी केलेल्या आपल्या माणसांचे शहरात एक राहते घर आणि एक गुंतवणुकीचा फ्लॅट असतो. हे आरक्षणाचे आणि चळवळीचे फळ आहे, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण त्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये कोण राहते?

दोन वर्षांपूर्वी लातूरकडच्या एका मातंग समाजातल्या पोराला घेऊन आम्ही अशाच एका परिचिताकडे गेलो. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, भिंतीवर बाबासाहेब, कपाटात खंड ओळीने लावलेले. चहा झाला. पोरगा गॅलरीत गेल्यावर साहेबांनी हळूच विचारले, "आपल्यातला नाही ना हा? कोणत्या समाजाचा?" आम्ही सांगितले. साहेब म्हणाले, "माझं काही नाही हो, पण घरात आई आहे."

बडोद्याचा तो मित्र आम्हाला त्या दिवशी पुण्यात भेटला, आणि तो आपलाच निघाला!

हा एकच अनुभव असता तर आम्ही लिहिले नसते. मुस्लिम मुलाला खोली द्यायची म्हटले की आपलेही लोक "उगाच कटकट नको" म्हणतात. पारधी कुटुंबाला देताना हात आखडतो. एकट्या मुलीला देताना "आमच्याकडे फॅमिलीलाच देतो" म्हणतात. तृतीयपंथी व्यक्तीचा तर विषयच काढू देत नाहीत. ज्या समतेच्या नावाने आपण दुसऱ्याचे दार ठोठावतो, ती समता आपल्या दाराच्या आत चालत नसेल तर आपल्या मोर्च्याला नैतिक वजन उरत नाही. मनुवाद सदाशिव पेठेतच राहतो असे नाही. तो कोणत्याही पेठेत भाड्याने राहायला येतो आणि त्याला कोणी आडनाव विचारत नाही.

मग करायचे काय?

बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू केल्यावर १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला वसतिगृह काढले. त्यांच्याही आधी शाहू महाराजांनी कोल्हापूर वसतिगृहांनी भरून टाकले होते. या दोघांनाही कळले होते की शाळा उघडून भागत नाही, शिकायला येणाऱ्या पोराची पाठ टेकायला जागा लागते. गिरणगावात कोकणातल्या गावांनी वर्गणी काढून गावाच्या खोल्या घेतल्या होत्या. गावातून आलेला पोरगा थेट तिथे उतरायचा, एका पेटीची जागा त्याच्या हक्काची असायची. मुंबईत गोव्याच्या लोकांचे कूडही याच तत्त्वावर चालले. म्हणजे आम्ही काही नवे सांगत नाही. जे आपल्याला आणि आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना पूर्वी जमत होते ते पुन्हा सुरू करा, एवढेच म्हणतो.

एक. शहरातल्या प्रत्येक विहारात खोल्यांची एक वही ठेवा. कुठे खोली रिकामी आहे, भाडे आणि डिपॉझिट किती, पाणी कधी येते, शेवटची बस किती वाजता, मुलींना राहण्यासारखी आहे का, शेजारी कोण. वही सांभाळायला एक महिला आणि एक पुरुष कार्यकर्ता ठरवा. खोली बघायला मुलगी एकटी जाणार नाही, सोबत कोणीतरी जाईल, हा नियम करा.

दोन. दुसरी वही नकारांची ठेवा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, एजंटचा मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. नकार मिळाल्यावर त्याच जागेसाठी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला फोन करायला सांगा आणि उत्तर लिहून ठेवा. एका पोराची तक्रार पोलीस ठाण्यात कोणी लिहून घेत नाही. एकाच इमारतीच्या चार नोंदी घेऊन वकिलासह गेलात तर घ्यावी लागते. कलम १२ चा उपयोग तेव्हाच होतो.

तीन. डिपॉझिटसाठी फिरता निधी करा. पोरांचे गाडे भाड्यावर अडत नाही, ते डिपॉझिटवर आणि एजंटच्या एका महिन्याच्या दलालीवर अडते, कारण पहिला पगार हातात यायला महिना असतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा. ते पैसे बिनव्याजी द्या आणि करार संपल्यावर परत घ्या.

चार. कागद पक्का करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दिवसा एकदा आणि रात्री दहानंतर एकदा, अशी दोनदा जागा बघा. आणि पहिल्याच भेटीत शांतपणे सांगून टाका, "काका, आम्ही बौद्ध आहोत, घरात बाबासाहेबांचा फोटो लावणार." जो नाही म्हणायचा तो तिथेच म्हणेल, तुमचे अकरा महिने वाचतील. पण हे बोलायची हिंमत पोरात तेव्हाच येते जेव्हा त्याच्या खिशात विहाराच्या वहीतले आणखी तीन पत्ते असतात.

पाच. सरकारला हिशेब विचारा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना सुरू झाली, तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात निवासासाठी २०,००० रुपये. महिन्याला साधारण १,६६७ रुपये. या पैशांत पुण्यात कॉट बेसिसवर कॉटसुद्धा मिळत नाही. तेही हप्ते वेळेवर मिळत नाहीत म्हणून विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागतात. वसतिगृहांची संख्या वाढवा आणि निवास भत्ता शहरातल्या खऱ्या भाड्याशी जोडा, ही मागणी प्रत्येक विद्यार्थी संघटनेच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी.

सहा, आणि हे सर्वात महत्त्वाचे. आपल्यातल्या प्रत्येक घरमालकाने ठरवावे की भाडेकरूला आडनाव करारावर लिहिण्यापुरतेच विचारीन, निर्णय घेण्यासाठी नाही. भाडे देऊ शकतो का आणि घर नीट ठेवील का, एवढेच बघीन. मातंग, चर्मकार, मेहतर, पारधी, मुस्लिम, एकटी बाई, कोणीही असो.

त्या नर्स मुलीची गोष्ट पूर्ण करून थांबतो. विश्रांतवाडीच्या ज्या घरात ती राहते, ते घर निवृत्त झालेल्या एका सफाई कामगार बाईंचे आहे. त्यांच्याकडे दुसरा फ्लॅट नाही. वरची एक पत्र्याची खोली आहे. आम्ही रात्री साडेनऊला फोन केला तेव्हा त्यांनी आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही. म्हणाल्या, "जेवलीय का ती? नसेल तर भाकरी टाकते, घेऊन या." शुक्रवारी मुलगी तिथे राहायला गेली आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर झाली. तिने भिंतीवर सगळ्यात आधी काय लावले ते सांगायला नको.

त्या मातंग पोराला नाही म्हणणाऱ्या साहेबांकडे बाबासाहेबांचे सगळे खंड आहेत. या बाईंना वाचता येत नाही. बडोद्याला बाबासाहेबांना कोण भेटायला हवे होते, हे आता आपले आपणच ठरवू या.

येत्या २३ सप्टेंबरला ज्यांना संकल्पभूमीला जायचे आहे त्यांनी जरूर जावे. पण निघण्यापूर्वी आपल्या विहाराच्या वहीत एका रिकाम्या खोलीचा पत्ता लिहून जावे. स्वतःची नसेल तर शेजाऱ्याची. वही नसेल तर वहीही आपणच आणून ठेवावी.

जय भीम! जय संविधान!